रेघा

केमी बंदराच्या कचेरीत मला वेइक्कोची खुर्ची मिळाली.
एक स्क्रू फिरवला, ती माझी झाली.
मग मिळाला त्याचा संगणक
आणि त्यातलं फायली हाताळायचं जुनं सॉफ्टवेअर,
दोन खणांचं,
डावीकडे काल, उजवीकडे आज.

बावीस हिवाळे त्याने या खणातून त्या खणात
समुद्रावरच्या बर्फाची जाडी नेली.
अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. एकोणसाठ. त्र्याऐंशी.
रोजची एक फाइल, नाव म्हणजे नुसती तारीख,
बर्फ फोडणाऱ्या जहाजांनी पहाटे वाचायची.

टूलबार पाहिला आणि मी कपाळाला हात लावला.
कॉपी.
मग एक उभी रेघ, पुन्हा रेघ, पुन्हा,
मोजल्या तर सहा.
मग 'हलवा'. मग परत सहा.
दात गळालेल्या फणीसारखी ती पट्टी
पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
डिलीट तर नाहीच कुठे.
सापडलं ते मेनूच्या तळाशी, उपमेनूच्या पोटात,
तेही नाव बदलून:
'एस्कोला विचार'.

मी चोवीस वर्षांची, ओउलूहून आलेली, नीटनेटकी.
राईट-क्लिक केलं. 'पट्टी बदला'.
एकेक रेघ चिमटीत धरून बाहेर सोडली.
पट्टीबाहेर सोडली की रेघ विरते,
आवाजसुद्धा करत नाही.
बटणं खांद्याला खांदा लावून उभी राहिली.
डिलीट वर आणलं, कॉपीच्या शेजारी,
लाल फुली, माझ्या हाताच्या सवयीला.
बाहेर तीन वाजताच अंधार पडला होता
आणि मी खूश होते.

कॉफी घेऊन एस्को आला, पडद्यासमोर थांबला.
बराच वेळ काही बोलला नाही;
इकडे तेही बोलण्यातच जमा.
मग कप खाली ठेवून त्याने हात पुढे केला
आणि बोटं थरथरवून दाखवली,
वाऱ्यात पत्रा थरथरतो तशी.
"माउस कॉपीवर न्यायचा, तो पोचायचा शेजारी.
एकदा फेब्रुवारी गेला. सत्तावीस दिवस."
"आणि अठ्ठाविसावा?"
"तो मी छापून घेतला होता. सँडविच गुंडाळायला."

त्या रात्री सेटिंग्जच्या फोल्डरात
मला त्याच्या जुन्या पट्ट्या सापडल्या,
प्रत्येकीच्या नावात साल.
उघडत गेले.
पहिलीत बटणांमध्ये एकच रेघ.
पुढच्या वर्षी दोन.
मग तीन, आणि डिलीट एक पायरी खाली.
मग चार.
माणूस जाडी मोजत होता, दुसरं काय.
बर्फाची फाइल जहाजांना जायची,
ही कुणालाच नाही.

मार्चमध्ये तो किल्ली परत करायला आला.
तो जिना चढतोय हे बुटांवरून कळलं
आणि मी घाईघाईने त्याची शेवटची पट्टी चढवली,
सहा-सहा रेघांची,
पाहुणा आला की आपण त्याने दिलेला स्वेटर घालतो तशी.

तो खुर्चीत बसला नाही.
चष्मा कपाळावर सारून वाकून पाहिलं.
"सेन्या, या कशाला? तुझा हात तर स्थिर आहे."
मी गप्प.
"काढ."
त्याच्यासमोर काढणं अवघड होतं.
एक काढली. दुसरी. तो मोजत होता, ओठ हलत होते.
पाचवी गेल्यावर म्हणाला, "ही राहू दे.
कॉपी आणि हलवा यांच्यात एक तरी असावी.
कॉपी केलं तर मागे काहीतरी उरतं,
हलवलं तर खण रिकामा.
माणसं गफलत करतात."

"आणि डिलीट?"

"ते एस्कोला विचार," म्हणाला,
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

किल्ली टेबलावर ठेवायला त्याला दोनदा वाकावं लागलं.
मी खिडकीकडे पाहत राहिले.
दारात थांबून त्याने विचारलं, "आज किती?"
"बहात्तर."
"हं," म्हणाला. "कोपऱ्यावर पुन्हा मोज."