सहा अंडी

उपासना संपली की माझं काम सुरू होतं.
ज्यांच्याकडे नाणी नसतात ते देवाला केळीचा घड देतात,
डबाभर कॉफीच्या बिया, उसाची मोळी,
एखादी रागावलेली कोंबडी.
देव काही अंडी खात नाही.
म्हणून मी चर्चच्या पायरीवर उभा राहतो
आणि देवाची वस्तू शेजाऱ्यांना विकतो.

बावीस वर्षं पुकारतोय.
माचामेच्या या उतारावर असं नाव नाही
जे माझ्या तोंडून तीन-तीनदा गेलं नाही.
नाव घेतल्याशिवाय बोली धरायची नाही, हा आमचा रिवाज.
एक नाव सोडून.

एलियामिनी उरियो.
त्याच्या-माझ्या केळीबागेला एकच पाट,
आमच्या आजोबांनी मिळून डोंगरावरून खणून आणलेला.
नऊ वर्षांपूर्वी, कोरड्या महिन्यात,
माझ्या पाळीच्या रात्री पाटाचं तोंड कुणीतरी चिखलाने लिंपलं.
सकाळी माझा घेवडा माना टाकून होता.
मी पाहिलं नव्हतं कुणाला. तरी गेलो
आणि त्याचा बांध कुदळीने फोडून आलो.
तेव्हापासून आमच्यात विस्तव जात नाही.
त्याने बोली लावली की मी म्हणतो, "तिकडून सातशे."
तिकडून.
माणसाची मी दिशा करून टाकली.

चर्चमध्ये आमच्या मधोमध एक खांब आहे.
शांतीचा हात द्यायची वेळ आली
की मी डावीकडे वळतो, तो उजवीकडे.
खांबाला दोघांचीही पाठ मिळते.
गीतं तीच. तो खर्जात, मी जरा वर.
आमचे आवाज छतापाशी भेटत असावेत,
आम्हाला न विचारता.

या रविवारी ऐकांडेने, माझ्या बायकोने,
सहा अंडी दिली होती, केळीच्या सोपटात बांधून.
"तीनशे!" मी ओरडलो.
"चारशे."
"तिकडून चारशे. अजून कोण?"
कुणी नाही.
"पाचशे." तिकडूनच.
लोक हसले. स्वतःच्याच बोलीवर कोण चढतं?
"तिकडून पाचशे..."
"हजार."
"तिकडून..."
"दोन हजार."
हसू थांबलं. कोंबडीसुद्धा गप्प.
टोपी छातीशी धरून तो उभा होता,
नजर माझ्या तोंडावर,
पाळीच्या रात्री पाटाच्या तोंडाकडे बघत बसावं तशी.
"चार हजार," म्हणाला, आणि आवाज जरा फाटला.
ते कॉफीचे पैसे होते. त्याच्याकडे किती पिकतं मला ठाऊक आहे,
कुंपणापलीकडून मी रोज मोजत असतो.

"एलियामिनी," मी म्हणालो.
नऊ वर्षांचा गंज त्या नावावर.
"एलियामिनी उरियो, चार हजार, एक."
दोन म्हणालो की नाही, आठवत नाही.

पाच अंडी त्याने म्हाताऱ्या आनासियाच्या टोपलीत ठेवली.
सहावं माझ्या हातात.
बोलला काही नाही.
घरापर्यंत चढ आहे, वाट निसरडी.
अंडं हातात असलं की मूठ वळता येत नाही.

आमच्याकडे इसालेच्या पानाला गाठ मारून नेलं
की समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नाही.
संध्याकाळी मी पान तोडलं, गाठ मारली,
मग वाटलं, ही तर पुन्हा त्याची कोंडी.
पान कुंपणात खोचलं, कुदळ उचलली.
पाळी माझी होती.
मी पाटाचं तोंड त्याच्या बाजूला उघडलं.

कंदील घेऊन तो आला. बांधापलीकडे थांबला.
"ती रात्र..." म्हणाला.
"पाणी येऊ दे आधी," मी म्हणालो.
वरून यायचं असतं ते, दगडांना वळसे घालत,
मुळांखालून, अंधारातून.
वेळ लागतो.
आम्ही उभे राहिलो.