दर दहा मिनिटांनी

सस्काटून. उणे एकतीस.
रात्री पावणेदोनला बेल वाजते.
कॅमेऱ्यात एक बाई. एका पायात बूट,
दुसऱ्यात पावाची रिकामी पिशवी,
घोट्याशी रबराने आवळलेली.

पूर्वी मी आधी नळी पुढे करायचे.
फुंक.
हिरवा दिवा लागला तर आत,
लाल लागला तर टॅक्सीचं कूपन.
टॅक्सी कुठे जाणार, हे विचारू नये
असं नियमांच्या वहीत कुठेच नव्हतं.
तरी कुणी विचारत नव्हतं.

एकीचा हिरवा स्कार्फ आठवतो,
आडनाव आठवत नाही.
टॅक्सी तिला तिच्याच घरी घेऊन गेली.
दुसरं होतंच कुठे?
तिसऱ्या दिवशी पोलीस आले, कूपनाचा अर्धा तुकडा घेऊन.
खाली सही माझी.
अक्षर सुवाच्य.

नळी आता खालच्या खणात आहे,
संपलेल्या बॅटऱ्यांबरोबर.

बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, हे तर उत्तेजन झालं.
स्वयंपाकघरातून व्हेल्मा ओकिमाव हात पुसत आली,
म्हणाली, मार खाऊन येणारीने शुद्धीतच यावं
हा नियम मारणाऱ्याला कळवला होता का?
मग परत गेली. रस्सा लागत होता.

मार्चमध्ये सुतार आला होता.
बर्फाने दार फुगायचं, अडायचं.
त्याने रंधा मारून उंबरठा बोटभर खाली आणला.
उंबरठे झिजवायचे ते बायकांनीच,
कचेऱ्यांचे, कोर्टाचे, माहेरचे.
हा एक आम्ही आमच्या हाताने झिजवला,
आणि भुसा मीच झाडला.

तर ही. नाव शार्लीन म्हणते. असेल.
पिशवीत चांदीचा कागद, सुई, अर्धं सँडविच,
एका मुलीचा शाळेतला फोटो, समोरचे दोन दात पडलेले.
मी हात लावत नाही.
हे कपाट तुझं, ही किल्लीही तुझी.
सुया त्या पिवळ्या डब्यात.
जे घेशील ते एकटीने घेऊ नकोस,
एवढंच मागते.

ती न्हाणीघरात जाते. दाराला आतून कडी नाही.
माझ्या खिशात खोकल्याच्या गोळ्या
आणि नाकात मारायचा तो फवारा, शेजारी शेजारी.

दहा मिनिटं. टकटक.
आहेस ना?
आहे.

वीस.
आहेस ना?
हं.

तीस.
आहेस ना?

नळ गळतोय.
खिशातला हात फवाऱ्यावर.
मी दार ढकलते तोच पाणी हलतं,
आहे गं बाई, आहे! किती वेळा विचारशील?

उजाडेपर्यंत, मी म्हणते.
इथे डिसेंबरात नऊशिवाय उजाडत नाही.

चौथ्या दिवशी ती गेली. न सांगता.
किल्ली बेसिनवर ठेवून.

एप्रिलमध्ये बेल वाजली.
दोन्ही पायांत बूट होते,
वेगवेगळे.