कोपराचं ठिगळ

*ओआहाका, १८६६*

धुण्याला आलेल्या कपड्यांवरून माणूस कळतो.
कुणाची काख आंबट, कुणाच्या खिशात
मक्याच्या भाकरीचा चुरा, चोरलेला.
मी निकानोरा. नवरा गेल्यावर
फड्या निवडुंगावरचे किडे मीच राखले,
झाडले, उन्हात मारले, वाळवले.
आता म्हणे डांबरातून रंग निघतो,
आमच्या किरमिजाला कुणी विचारत नाही.
म्हणून फौजेचं धुणं.

आधी आले ते फुगीर विजारींचे,
एकेका पायात माझं एकेक कोकरू मावलं असतं.
त्यांचा लाल मंजिष्ठेचा.
मला कळतं, मी बोट ओलं करून घासते.
साहेबाच्या कॉलरवरचा मात्र आमचा होता,
शपथेवर सांगते, आमचाच.
जहाजात बसून गेला,
जरीची किनार लावून परत आला
आणि आमच्याच अंगणात उभा राहून
आम्हाला मागं सरा म्हणाला.

मग निळे आले. त्यांच्या बादशहाच्या घरचा कुणी
इथला बादशहा झाला होता, म्हणून ते.
त्यांच्यातला एक स्वतःला यानेझ म्हणायचा,
हवालदार त्याला भलत्याच नावानं हाक मारायचा.
वीस वर्षांचा असेल. कोटाचं कोपर फाटलेलं.
ना त्याची भाषा मला, ना माझी त्याला.
त्यानं कोपर पुढं केलं, मी मान हलवली.
निळं कापड कुठून आणू?
नवऱ्याच्या चोळण्याचा तुकडा घेतला, तपकिरी,
वरून नीळ चोळली,
आणि आईनं शिकवलेला टाका घातला,
कोळ्याच्या पायांसारखा, वाकडा, न उसवणारा.
त्यानं हात वाकवून पाहिला, पुन्हा वाकवला,
हसला. पैसे नव्हते.
एक पितळी बटण देऊन गेला.

माझा सेनोबियो तेव्हा डोंगरात.
तिकडच्या फौजेला कपडा एकच, मांजरपाट.
त्यातच पेरणी, त्यातच लग्न,
गोळी लागली तर तीही त्यातच.
लांबून कुणाला कळायचं नाही
हा शिपाई की खळ्यावरचा गडी.
तेवढंच काय ते आमचं चिलखत.

ऑक्टोबरात निळे परत आले
तेव्हा बंदुका नव्हत्या त्यांच्याकडं. बूटही नव्हते.
दोरीनं बांधून नेत होते त्यांना चौकातून,
मी प्रत्येकाचं कोपर बघितलं.
मग थांबले. इतके हात कोण बघणार.

रात्री सेनोबियो आला.
अंगात निळा कोट, बाह्या बोटांवर लोंबत होत्या.
'आई, वर थंडी फार होती,' म्हणाला.
मी दिवा जवळ नेला.
कोळी तिथंच बसला होता कोपरावर,
आठही पाय शाबूत.

'कुणाचा?'
'कैद्याचा. त्यानंच काढून दिला.'
मी पाठीवरून हात फिरवला, छातीवरून,
अस्तर चाचपलं. भोक कुठंच नव्हतं.
'दिला,' तो पुन्हा म्हणाला,
आणि भाकरी तोंडातच ठेवून झोपला.
लहानपणी खोटं बोलला की तो असाच झोपायचा.
खरं बोलला तरी असाच झोपायचा.

पहाटे उठून मी कोट भिजवला.
कॉलर चोळली.
पाणी लालसर झालं.
मंजिष्ठा असेल, मी मनाशी म्हटलं,
बोट ओलं केलं, घासलं,
जन्मभर घासत आले तसंच.

कोट निळा होता.
अस्तर पांढरं.

पिळला. पाणी निवडुंगाच्या बुंध्याशी ओतलं,
शेजारीण उठायच्या आत.
आणि वाळत घातला तो उलटा करून,
कोपर आत वळवून.
बटण डब्यात आहे अजून.
लावायचं तर कोटाला एक कमीच आहे.