वाक्चातुर्य अठरा

रावपुऱ्यात, बाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत
दर शनिवारी आम्ही एक राज्य मांडतो.
चार खुर्च्या, एक पालथं पिंप,
पेन्सिली, खोडरबर, स्टीलच्या डब्यात सेव-उसळ
आणि वीस पैलूंचा एक फासा,
जो घरंगळत दर वेळी खळीच्या डब्यामागे जातो.

खेळ मी चालवते. म्हणजे भिंती माझ्या, वारा माझा,
दाराआडची माणसं सगळी माझी.

श्रीरंग चौबळ राजाचा वकील असतो.
कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलंय:
बळ सहा. नेम नऊ. वाक्चातुर्य अठरा.
अठराच्या खाली दोन रेघा.

एरवी श्रीरंग बँकेत चिठ्ठी पुढे करतो.
हॉटेलात, खायचं असतं ते नाही,
उच्चारता येतं ते मागवतो.
'क' त्याच्या घशात उंबऱ्यासारखा आडवा येतो,

आणि मी, नेमका, त्याच्यापुढे उभा केला किल्लेदार.

"बोल," म्हटलं. नियम माझाच होता:
आधी बोलायचं, पटलं तर दार उघडेल.
नियम केला तेव्हा समोर तेजल होती.
तिचं पात्र कागदावर मठ्ठ, बुद्धी चार,
पण तेजल स्वतः रोज कोर्टात उभी राहते;
तिच्या त्या मठ्ठ गुराख्याने आजवर
माझे तीन सावकार नि एक राक्षस गुंडाळलाय,
एका नावाड्याकडून जन्माचं भाडं माफ करून घेतलंय.
मला तेव्हा फार मजा वाटली होती.

"क," श्रीरंग म्हणाला. "कि."
पंखा फिरत होता. खाली कोणी कागद कापत होतं,
कटरचा दांडा खाली यायचा, वर जायचा.
"कि."

हेमांगी मध्येच बोलली. वजन बेचाळीस,
जिना चढून आली की आधी पंप घेते.
"गेल्या शनिवारी माझ्या मल्लाने बुरुजाचा दगड उचलला.
तेव्हा मला म्हणालीस का,
हेमांगी, ते कपाट उचलून दाखव?"

नव्हते म्हणाले.
कपाटात जुन्या वह्या होत्या, शिवायच्या राहिलेल्या.
मी तिकडे बघत बसले जरा.

मग म्हटलं, आधी फासा टाक.
जे दान पडेल तसं वकील बोलला असं धरू.

दोन.

तेजलने च्च केलं. मी पुन्हा टाक म्हणणार होते
(दया आली की माझा आवाज बारीक होतो)
तर श्रीरंग हसत होता.
"म्हणजे त-तोसुद्धा अडखळला."
आणि उठून, खांद्यावरचा शेला सावरत,
शेला नव्हता, पिशवीचा बंद होता,
त्याने तो अख्खा पराभव करून दाखवला:
शब्द आधी कानामागे कसा गरम होतो,
मग शेजारचा दुसरा शब्द कसा शोधायचा,
तोही मेला 'क'चाच कसा निघतो,
समोरचा मान हलवत कशी मदत करू लागतो
आणि ती मदत किती जड असते.

माझ्या किल्लेदाराची धूर्तता सतरा.
त्याला उलट एक वाक्य सुचलं नाही.
किंवा मला. कोणाचं कोणतं, कळेना.

दार नाही उघडलं. दोनला उघडत नाही.
हेमांगीच्या मल्लाने नंतर ते बिजागरीसकट काढलं.
गार उसळ पावाने पुसत श्रीरंग म्हणाला,
"आज नकार फाशाचा होता,"
आणि हे वाक्य कुठेच अडलं नाही
ते आम्ही कोणी बोलून दाखवलं नाही.

रात्री न्यायमंदिरापाशी रिक्षा थांबवली.
त्याला कारेलीबागला जायचं होतं.
"क," तो म्हणाला.
माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.
इथे फासा नाही, कागद नाही,
अठरा कुठे लिहिलेलं नाही.
रिक्षावाल्याने एकदा आरशात पाहिलं,
गॅस वाया नको म्हणून इंजिन बंद केलं
आणि एक पाय सीटवर घेऊन बसला.