छिद्ररेषा

नाशिकरोडला प्रेसमध्ये
दोन देशांची ऑर्डर आली, जोडतिकिटाची.
एकाला समुद्र नाही,
दुसऱ्याकडे समुद्राशिवाय काही नाही.
मध्ये हजारो मैल, आणि कोरी करकरीत मैत्री.

तारा येत राहिल्या. आधी नाव कोणाचं?
डोंगरवाले म्हणाले, निळा फार झाला.
बेटवाले म्हणाले, शिखर जरा बुटकं करा.
मी प्रूफं काढत बसलो.
हस्तांदोलनाचे दोन्ही हात
सुदाम गांगुर्डेचेच,
एक समोर ठेवून, एक आरशात बघून कोरलेला.

शेवटी निम्म्या तावांवर हे आधी, निम्म्यांवर ते.

गांगुर्डे खाली छिद्रयंत्रापाशी आला,
हातातला चहा निवलेला.
म्हणाला, "यांची हद्दच कुठे लागते एकमेकांना?
भांडणार तरी कशावरून?
पहिली हद्द आपणच पाडतोय बघ,
सुयांनी."

वकिलात काही उघडली नाही म्हणे.
भाडं परवडेना.

गेटवर झडतीत तावन् ताव मोजतात.
भोकं कोण मोजणार?
सिन्नर फाट्याला गांगुर्डेची बायको
त्याचे मोजे उलटे करून झटकते,
टिकल्या ओसरीभर.
"कुठली हो ही निळी माती,"
ती विचारते,
आणि केरसुणी शोधते.