कलम सात

पावतीच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरात,
कलम सात:
दैवी आपत्ती आल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.
दहा वर्षं ते कुणी वाचलं नव्हतं. मीही नाही.
प्रेसवाल्यानं कुणाच्या तरी जुन्या पावतीवरून उचललेलं,
मी वर फक्त नाव टाकून घेतलं:
पंचगंगा टूर्स, स्टेशन रोड, कोल्हापूर.

वाचलं ते श्रीमंधर मगदुमांनी. भिंग धरून.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत, भट्टीपुढं.
रिटायर झाल्यावर एकच मागणं, बर्फ बघायचा.
मनाली, माणसं दोन, एप्रिल दोन हजार वीस,
आगाऊ अठ्ठावीस हजार पाचशे रोख.
नोटांना डांबरगोळ्यांचा वास होता.

पैसे माझ्याकडं थांबतात कुठं?
दुपारीच निम्मे विमानाला गेले, निम्मे हॉटेलला.
विमानवाल्यांनी परत दिली क्रेडिट नोट,
वर्षात वापरा, नाहीतर विसरा.
हॉटेलचा फोन नुसता वाजायचा.
मगदूम म्हणाले, "ताई,
ह्या नोटेवर दळण देतंय काय कोण?"

माझी सतरा सीटर गोकुळ शिरगावच्या यार्डात.
चाकं जागेवर, व्याज तेवढं चालत होतं.
हप्ते थांबवा म्हणाले, थांबवले,
तर थांबलेल्या हप्त्यांनाच पिल्लं झाली.
गाडी वापरात नाही असा अर्ज द्या,
नाहीतर न गेलेल्या रस्त्याचा कर भरा.
अर्ज द्यायला गेले तर कचेरी बंद.
अकरा नंबरच्या सीटखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं.
वर्षभराचे पॅसेंजर म्हणाल तर तेवढेच,
आणि ते बिनपासाचे.

दस्तगीर मुल्लाणी, माझा ड्रायव्हर,
तो कोगनोळी नाक्यावर सापडला.
पलीकडं निपाणीत लेक बाळंत,
हा मोटरसायकलवर डिंकाचे लाडू घेऊन निघालेला.
कलम एकशे अठ्ठ्याऐंशी. शिवाय
अठराशे सत्त्याण्णवचा साथरोग कायदा,
त्याच्या पणजोबाच्या वयाचा.
पंचनाम्यात: लाडू, एकवीस नग.
केस निघेपर्यंत नात चालायला लागली.

मग ग्राहक आयोग.
आमचे इंगवले वकील उभे राहिले, घसा साफ केला,
म्हणाले, "कलम सात. दैवी आपत्ती."
बाकावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं:
"ह्यात देवाचा संबंध कुठं आला, वकीलसाहेब?"
कोणीतरी मागं हसलं.
मला महाद्वार दिसलं, कुलपासकट.
खणानारळाच्या दुकानांची शटरं,
बांगड्यांच्या डब्यांवर बोटभर धूळ,
आणि हुकुमाचा कागद, शिक्क्याचा,
चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला.
ज्याच्यावर हुकूम बजावला
त्याच्याच नावावर गुन्हा कसा टाकायचा?

निकाल: रक्कम परत, सहा हप्त्यांत, व्याज नाही.
तोवर बस फायनान्सवाल्यांनी ओढून नेली होती,
पोळ्यासकट.

दर महिन्याच्या पाचला मगदूम स्वतः यायचे.
छत्री कोपऱ्यात, चप्पल बाहेर, बोलणं नाही.
दोनदा मोजायचे, सही करायचे,
पेन माझंच असलं तरी झाकण लावून द्यायचे.
सहाव्या खेपेला सही झाल्यावर उठले नाहीत.
"तिकडं आता टेस्ट लागतीय काय?"
"नाही."
"आणि बर्फ?"
"मार्चपर्यंत असतो."
"बरं," म्हणाले. छत्री घेतली. गेले.

काल नवीन पावतीपुस्तकं टाकायला दिली.
अक्षर मोठं करायला सांगितलं, चष्मा नसला तरी दिसेल एवढं.
कलम सातमधला 'दैवी' मी पेनानं खोडला.
प्रेसवाला म्हणाला, "मग कसली आपत्ती टाकू?"
सरकारी? विमानाची? बँकेची?
खोकल्याची?
बराच वेळ काउंटरला टेकून उभी राहिले.
शेवटी म्हटलं, जागा मोकळी ठेव,
वेळ आली की हातानं भरीन.
त्यानं हिशेब केला.
मोकळ्या जागेचे पैसे लावले नाहीत.