साडेसहा

कुहमोच्या शिकारी मंडळात आता अकराच जण उरलेत,
त्यातले चौघे सत्तरीच्या पुढचे,
म्हणून ताइस्तोने मला विचारलं :
शाळेची बस चालवतेस ना,
मग पहाटे उठायची सवय असेलच.

एवढीच माझी पात्रता.

मग ज्याने त्याने आपली बंदूक पुढे केली,
घरातल्या मुलाचं स्थळ सुचवावं तशी.
ओन्नी म्हणाला, तीनशे आठ घे,
गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतात.
आर्वो म्हणाला, तीस-शून्य-सहा,
म्हणजे आयुष्यात पुन्हा विचार करायला नको.
ताइस्तो काहीच बोलला नाही.
त्याने आपली नऊ-तीन टेबलावर ठेवली
आणि टेबल किंचित करकरलं.

हिर्वी म्हणजे ससा नव्हे, आर्वो पुन्हा म्हणाला,
चारशे किलोचा अंधार असतो तो, झाडांतून चालणारा.

नऊ-तीनमधून मी तीन गोळ्या झाडल्या.
पहिली खांद्यात बसली, म्हणजे माझ्याच.
दुसरीला दुर्बिणीने भुवई फोडली.
तिसरी मी डोळे मिटून झाडली
आणि ती कुठे गेली ते त्या दलदलीलाच माहीत.

रात्री सौनात बहिणीने तो जांभळा डाग पाहिला.
कुणी मारलं गं?
म्हटलं, सल्ल्याने.

कायानीतल्या दुकानात राइली नावाची बाई बसते,
चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली.
तिने हिर्वीबद्दल चकार शब्द काढला नाही.
माझा कोपर ते बोट मापलं,
मान कुठे आखडते ते विचारलं,
आणि आतून एक जुनी साडेसहा आणली,
अक्रोडाचा दस्ता, कुणाच्या तरी गालाने गुळगुळीत झालेला.
म्हणाली, जनावराला कॅलिबर वाचता येत नाही.
तुझ्या खांद्याला येतं.

मग अख्खा ऑगस्ट
रिकामी बस उभी करून मी मैदानावर जायचे.
दिवसाला वीस. जास्त नाही.
तिचा धक्का म्हणजे
वाट मागताना कुणी पाठीला हलकेच लावलेला हात.
पंचाहत्तर मीटरवरची भोकं
हळूहळू एकमेकींजवळ सरकू लागली,
थंडीत कोंबड्या सरकतात तशी.
ओन्नी तिला शिलाई मशीन म्हणायचा.
म्हणू दे.

एकदा ताइस्तोने माझ्या नकळत
आत दारू नसलेलं काडतूस सरकवलं.
चाप दाबला. टिक्.
नळी जागची हलली नाही.
हं, तो म्हणाला.
त्याच्या तोंडी हा म्हणजे मोठा निबंध.

आता तू, मी म्हटलं.

त्याने पाठ फिरवली. मी त्याची नऊ-तीन भरली,
त्याच पोकळ काडतुसाने.
तो टेकला, श्वास अर्धा सोडला,
एकतीस वर्षांचा अनुभव गालाशी धरला.
टिक्.
आणि नळीने पाण्यातल्या बगळ्यासारखी चोच खाली मारली.
डोळे घट्ट मिटलेले. जबडा आवळलेला.
जो धक्का आलाच नाही
त्याच्यासाठी सगळा माणूस वाकून उभा.

कुणी हसलं नाही.
ओन्नीने बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधली.
फक्त डास बोलत होते.

मला वाटलं होतं, आनंद होईल.
मी त्याच्या हातातली बंदूक घेतली,
ती किती जड आहे ते तेव्हा कळलं.

ऑक्टोबरात माझ्या ठरलेल्या जागेवरून
एकही हिर्वी गेला नाही.
एक कोल्हा गेला, घाईत, काहीतरी विसरल्यासारखा,
आणि दुपारी दोनला अंधारायला लागलं असं मला उगीच वाटलं.
आर्वोने पलीकडे एक मादी पाडली,
सगळ्यांनी मिळून ती ओढली,
तिथे मात्र माझा खांदा पूर्ण कामी आला.

संध्याकाळी झोपडीत वाटण्या चालू असताना
ताइस्तो माझ्या शेजारी येऊन बसला,
खिडकीकडे बघत.
ती साडेसहा,
केवढ्याला पडली?

मी आकडा सांगितला.
तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला,
साखर न घालता.